जुनी पोर्शे ९४४ टर्बो: किती पैसे द्यावेत आणि ते कसे ठरवावेत

पोर्शे ९४४ टर्बोच्या विक्रीच्या जाहिराती ओळीने पाहत गेल्यास नवख्या माणसाचा गोंधळ उडणे स्वाभाविक आहे. एकाच वर्षाची, एकाच रंगाची गाडी एके ठिकाणी ११ हजार डॉलरला असते, दुसरीकडे २६ हजारांना, आणि तिसरा कोणी तिचे ४५ हजार मागत असतो. फोटोंत तिन्ही सारख्याच चकचकीत दिसतात. ही तफावत बहुतांशी गाडीवर आजवर झालेल्या आणि न झालेल्या कामांमुळे पडते. त्यामुळे सगळी कामे झालेली अशी गाडी कितीला विकली जाते आणि समोरच्या गाडीत त्यांपैकी काय काय राहिले आहे, असा हिशोब मांडल्याशिवाय योग्य किंमत हाती लागत नाही. पुढचे सगळे टप्पे याच हिशोबाचे आहेत.

हे मार्गदर्शन मुख्यतः अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी येथे राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. परदेशात वापरलेली, तीन वर्षांपेक्षा जुनी मोटार भारतात आणण्यास सर्वसाधारणपणे परवानगी मिळत नाही. त्यामुळे तिकडे स्वस्तात घेऊन पुण्याला पाठवण्याचा बेत असेल, तर तो आधीच बाजूला ठेवलेला बरा. किमतीचे आकडे मी डॉलरमध्ये देत आहे. ते मोटामोटी आहेत आणि वर्षागणिक खालीवर होतात, परंतु हिशोबाची पद्धत सर्वत्र तीच राहते.

पहिला टप्पा: समोरची टर्बो नेमकी कोणती, हे ओळखणे

९४४ टर्बो १९८५ मध्ये बाजारात आली. कारखान्याच्या भाषेत तिचा प्रकार ९५१. इंजिन २.५ लिटरचे, चार सिलिंडरचे, पुढच्या बाजूला; गिअरबॉक्स मात्र मागच्या चाकांपाशी, आणि दोहोंना जोडणारा लांब दंड एका जाड नळीतून जातो. वजन दोन्ही टोकांना वाटले गेल्यामुळे ही गाडी वळणावर इतकी समतोल वाटते. याच रचनेमुळे तिचे क्लचचे कामही इतके महाग पडते. तो भाग पुढे येईलच.

सुरुवातीच्या गाड्यांची शक्ती २२० अश्वशक्ती होती. अमेरिकेतल्या कागदपत्रांत हाच आकडा २१७ असा दिसतो. तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, इंजिन तेच. १९८८ मध्ये टर्बो एस आली. तिला मोठा टर्बोचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र), २५० अश्वशक्ती, ९२८ एस४ या थोरल्या मॉडेलचे ब्रेक, कडक सस्पेन्शन आणि मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल (एक चाक घसरू लागले तरी दुसऱ्याला ताकद पोहोचवणारा) मिळाला. त्या वर्षी रुपेरी गुलाबी छटेच्या एक हजार खास गाड्या निघाल्या. 'सिल्व्हर रोझ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाड्यांचा आतला कपडा गडद तांबूस चौकड्यांचा असतो. १९८९ पासून सर्वच टर्बोंना २५० अश्वशक्तीचे इंजिन मिळू लागले, म्हणून 'एस' हे अक्षर गळाले. युरोपात उत्पादन १९९१ पर्यंत चालले आणि शेवटी थोड्या उघड्या टपाच्या टर्बोही निघाल्या.

एस किंवा १९८९ नंतरची गाडी साध्या टर्बोपेक्षा बरीच महाग असते, त्यामुळे नुसत्या बिल्ल्यावर विसंबू नये. चासी क्रमांकातील सातवा व आठवा आकडा मिळून ९५ आणि बारावा आकडा १ असेल, तर ती खरी टर्बो होय. दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष सांगते: जी म्हणजे १९८६, एच म्हणजे १९८७, जे म्हणजे १९८८, के म्हणजे १९८९. एसची खूण कारखान्याने लावलेल्या संकेतांकांच्या चिकटपट्टीवर सापडते; ही पट्टी मागच्या डिकीत आणि देखभालीच्या पुस्तिकेत असते. अमेरिकेतल्या टर्बो एसवर एम ७५८ हा संकेतांक असतो. एम ०३० म्हणजे खेळाचे सस्पेन्शन आणि एम २२० म्हणजे तो डिफरन्शियल. पट्टी दोन्ही ठिकाणची नाहीशी झालेली असेल आणि विक्रेता तरीही एसचे पैसे मागत असेल, तर साध्या टर्बोचाच भाव धरावा.

दुसरा टप्पा: आधारभाव ठरवणे

विक्रेता जे मागतो तो भाव नव्हे. प्रत्यक्षात व्यवहार ज्या आकड्याला झाला, तो भाव. इंटरनेटवरील लिलावांत अंतिम बोली सर्वांना पाहता येते, तेव्हा गेल्या वर्षभरातील आठ-दहा पूर्ण झालेले व्यवहार निवडावेत, प्रत्येकाचे वर्ष, मैल, अलीकडची कामे आणि रंगकामाची स्थिती वहीत उतरवावी, आणि खरेदीदाराला भरावे लागलेले लिलावाचे शुल्कही त्यात मिळवावे. बोली पुरेशी न चढल्यामुळे विकल्या न गेलेल्या गाड्याही पाहाव्यात, कारण लोकांनी हात कुठे आखडता घेतला हे त्यांवरून कळते.

अमेरिकेपुरते बोलायचे तर अलीकडच्या वर्षांत २२० अश्वशक्तीची, रोज बाहेर काढता येईल अशी, प्रामाणिक पण निर्दोष नसलेली टर्बो साधारण २० ते ३० हजार डॉलरच्या पट्ट्यात फिरते. कमी चाललेली, मूळ रंगाची आणि कागदपत्रांची जाड फाईल असलेली गाडी त्याच्या वर जाते. एस आणि १९८९ च्या उत्तम गाड्यांचा पट्टा आणखी वरचा. दहा-बारा हजारांच्या आतली गाडी जवळजवळ नेहमीच अर्धवट सोडलेले काम असते, आणि चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला ही म्हण या गाड्यांना अक्षरशः लागू पडते.

मैलांबद्दल माझे मत बाजारापेक्षा थोडे वेगळे आहे. बाजार कमी मैलांना भरपूर जादा पैसे देतो. परंतु चाळीस हजार मैल चालून पंधरा वर्षे गॅरेजमध्ये उभी राहिलेल्या गाडीचे रबर, होसपाइप, सील आणि इंधनाच्या नळ्या वयाने संपलेल्या असतात. सव्वा लाख मैल चाललेली, दरवर्षी बाहेर पडणारी आणि प्रत्येक कामाची पावती असलेली गाडी चालवण्यासाठी अधिक चांगली. फिरवण्याऐवजी साठवण्यासाठीच घेणार असाल, तर बाजाराचे गणित तुमच्यासाठी बरोबर आहे.

शिवाय या मैलांच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. ९४४ च्या मैलमापकातील प्लास्टिकचे दातेरी चाक ठिसूळ होऊन तुटते, विशेषतः कोणी गाडी चालू असताना प्रवासाचा छोटा आकडा शून्यावर आणला तर. वेगाचा काटा मात्र नीट चालत राहतो, त्यामुळे कित्येक गाड्या वर्षानुवर्षे मैल न मोजताच धावल्या आहेत. गाडी दोन-तीन मैल चालवून आकडा पुढे सरकतो का, हे पाहावे. आणि जुन्या पावत्यांवरील मैल क्रमाने वाढत जातात का, तेही ताडून घ्यावे.

तिसरा टप्पा: गाडी पाहण्याआधी कागद मागवणे

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल असा व्यवहार करायचा नसेल, तर प्रवासाला निघण्यापूर्वी विक्रेत्याकडून तीन गोष्टींचे फोटो मागवावेत: टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती, क्लचच्या कामाची पावती आणि मालकीचा कागद.

यांपैकी बेल्टच्या पावतीवर सर्वाधिक वेळ घालवावा. या इंजिनात हा टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा बेल्ट, तुटला किंवा दात सुटून सरकला, की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. मग हेड, म्हणजे इंजिनाचा सिलिंडरवरचा भाग, उतरवण्यावाचून इलाज राहत नाही. त्याच्या जोडीला इंजिनाची थरथर शमवणाऱ्या दोन बॅलन्स शाफ्टसाठी दुसरा बेल्ट असतो, आणि तो तुटून पहिल्यात अडकला तरी परिणाम तोच. म्हणून दोन्ही बेल्ट, त्यांचे रोलर आणि पुढचे ऑइल सील एकाच वेळी बदलतात. पाण्याचा पंपही त्याच जागी असल्याने जाणकार कारागीर तोही उरकून घेतो. मैल कितीही कमी झालेले असोत, साधारण चार वर्षांनी हे काम करण्याचा प्रघात आहे. पावतीवर तारीख, मैल आणि बदललेले भाग स्पष्ट लिहिलेले हवेत. 'आधीच्या मालकाने बदलले होते' हे तोंडी उत्तर हिशोबात 'बदललेले नाही' असेच धरावे.

अमेरिकेत मालकीच्या कागदावर अपघातग्रस्त किंवा पुनर्बांधणी असा शिक्का असेल, तर आधारभाव निम्म्याच्या आसपास येतो आणि पुढे विकतानाही तोच त्रास तुम्हाला भोगावा लागतो. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी लागते, म्हणजे प्रत्येक ९४४ टर्बो तिच्या कक्षेत येते. विक्रीच्या वेळी ते प्रमाणपत्र देणे ही विक्रेत्याची जबाबदारी असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) काढून टाकलेली गाडी तिथे अडकते. गंमत म्हणजे पोर्शेने ही गाडी कन्व्हर्टरसह आणि त्याशिवाय सारख्याच शक्तीची बनवली होती, त्यामुळे तो काढून टाकणाऱ्याने फारसे काही कमावलेले नसते.

ब्रिटनमध्ये नंबरप्लेटवरून सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या वार्षिक तपासण्यांचा इतिहास विनामूल्य पाहता येतो. त्यात मैल, नापास होण्याची कारणे आणि गंजाबद्दलचे शेरे सगळे असते. विक्रेत्याच्या वर्णनापेक्षा तो इतिहास कितीतरी बोलका असतो. तिथे चाळीस वर्षांवरील गाडीला रस्ताकरात सूट मिळू शकते, त्यामुळे सुरुवातीच्या टर्बो आता त्या उंबरठ्यावर आहेत. जर्मनीत तीस वर्षांवरील, मूळ स्वरूपातील गाडीला ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट मिळते, पण बेसुमार बदल केलेल्या गाडीला ती नाकारली जाऊ शकते. किंमत ठरवताना हा फरक जमेस धरावा.

चौथा टप्पा: थंड इंजिन आणि उघडी बॉनेट

भेटीची वेळ ठरवताना इंजिन सुरू न करण्याची विनंती करावी आणि पोहोचल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवून पाहावा. गरम असेल, तर पहिल्या सुरुवातीला काय दिसते ते लपवलेले असण्याचा संभव आहे. सुरू होताच निळा धूर आला आणि काही क्षणांत विरला, तर व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बोचे सील झिजले असावेत. तो गरम झाल्यावरही येतच राहिला, तर काम मोठे आहे. गोड वासाचा पांढरा धूर हेड गॅस्केटकडे (हेड आणि इंजिन यांच्यामधल्या सीलकडे) बोट दाखवतो.

पाण्याच्या टाकीचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. पाण्यावर तपकिरी, दह्यासारखा थर दिसला, तर विक्रेता बहुधा 'ऑइल कूलरचे सील गेले असेल, किरकोळ काम आहे' असे सांगेल. साध्या ९४४ मध्ये हे खरे असू शकते, कारण तिथे तेल इंजिनाच्याच पाण्याने थंड होते. टर्बोमध्ये मात्र तेलाचा कूलर नाकाशी, हवेच्या झोतात बसवलेला असतो. त्यामुळे तेल पाण्यात मिसळण्याची ती वाट टर्बोत नाही, आणि ते स्पष्टीकरण स्वीकारून किंमत ठरवू नये.

इंजिन गरम झाल्यावर तेलाचा दाब पाहावा: ४,००० फेऱ्यांवर काटा चार बारच्या वर राहायला हवा. रेसट्रॅकवर वापरलेल्या गाड्यांत दुसऱ्या क्रमांकाचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग तेलाअभावी जाण्याची ख्याती आहे, म्हणून ट्रॅकवर नेल्याच्या खुणा असलेल्या गाडीत हे विशेष बघावे.

बूस्टचा, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबत असलेल्या हवेच्या दाबाचा, काटा फेऱ्यांच्या गेजमध्येच असतो आणि तो बाहेरच्या हवेच्या दाबासह मोजतो, त्यामुळे गाडी बंद असताना तो १ वर असणे योग्यच आहे. मूळ स्थितीतील २२० अश्वशक्तीच्या गाडीत पूर्ण थ्रॉटलवर तो १.७५ च्या आसपास चढतो. दीडच्या वर जातच नसेल, तर कुठेतरी नळी फुटलेली आहे, वेस्टगेट (टर्बोचा जादा दाब रोखणारी झडप) नीट मिटत नाही किंवा टर्बोच थकला आहे. पहिली दुरुस्ती काही डॉलरांची, शेवटची हजारांत. उलट काटा २ च्या दिशेने धावत असेल, तर कोणीतरी इंजिन संगणकाची बदललेली चिप किंवा बूस्ट वाढवणारा व्हॉल्व्ह बसवलेला आहे. अशी गाडी चालवायला फार मजा येते, आणि नेमकी त्याच वेळी विचारशक्ती काम करेनाशी होते! वाढीव बूस्टचा पहिला बळी हेड गॅस्केट असतो. मूळ भाग डब्यात जपून ठेवलेले असतील आणि काम नावाजलेल्या कारागिराकडून झाल्याची पावती असेल, तरच अशा गाडीला पूर्ण भाव द्यावा.

आता क्लच. कारखान्यातून बसवलेल्या क्लचच्या तबकडीच्या मध्यभागी धक्का शोषण्यासाठी रबर होते. वयाने ते तडकते आणि एखाद्या दिवशी चौकात, सिग्नल सुटताना, इंजिन गर्जते पण गाडी हलत नाही. क्लच बदलण्यासाठी एक्झॉस्ट, मागचा गिअरबॉक्स आणि मधली नळी हे सर्व मागे सरकवावे किंवा उतरवावे लागते, त्यामुळे भागांपेक्षा मजुरीच अधिक होते. चाचणीच्या वेळी गाडी हळू चालत असताना ॲक्सिलरेटर पटकन सोडून पुन्हा दाबावा. मध्ये 'टक' असा स्पष्ट झटका आणि ढिलेपणा जाणवला, तर क्लचचे काम हिशोबात लिहून ठेवावे.

बाहेरचा पत्रा जस्ताचा थर दिलेला असल्यामुळे समकालीन गाड्यांच्या मानाने ही गाडी कमी गंजते, पण 'ही गंजतच नाही' असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दाराखालचे लांब पट्टे, मागच्या चाकाच्या पुढचा कोपरा आणि बॅटरीखालचा पत्रा ही ठिकाणे बोटाने दाबून पाहावीत. बॅटरीचे आम्ल झिरपून तिथे भोक पडले, की पाणी आत उतरते आणि कार्पेटखाली साचते. म्हणून आतले कार्पेट उचलून ओल आहे का पाहणे आवश्यक आहे. ब्रिटनसारख्या, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशात ॲल्युमिनियमचे ब्रेक कॅलिपर आतून फुगतात आणि पॅड अडकतात.

पुढच्या चाकांच्या ॲल्युमिनियम आर्मचे बॉल जॉइंट, गळणारे पॉवर स्टीअरिंग, अडकलेले सनरूफ, तडकलेला डॅशबोर्ड या सर्वांची यादी करावी. यांतील एकटे काहीच व्यवहार मोडण्याइतके मोठे नाही, पण बेरीज मोठी होते. चालता चालता इंजिन मधूनच बंद पडत असेल, तर आधी इंजिन संगणकाचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) तपासावा, कारण तो स्वस्त भाग या गाड्यांत हमखास जातो. इंजिन बंद केल्यावर टर्बोला पाणी पुरवणारा छोटा विजेचा पंप काही वेळ गुणगुणतो. तो आवाज दोष नव्हे, न येणे हा दोष.

पाचवा टप्पा: त्रयस्थ कारागीर

ही तपासणी टाळू नये. जुन्या पोर्शेवर काम करणारा, विक्रेत्याशी संबंध नसलेला कारागीर शोधून काही शे डॉलर खर्च करावेत आणि चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन व गळती चाचणी (सिलिंडर दाब किती धरून ठेवतात ते पाहणारी) करून आकडे लेखी घ्यावेत. या इंजिनाच्या सिलिंडरला लोखंडी अस्तर नसते; ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूतच भिंत घडवलेली असते, आणि तिला ओरखडे पडले तर दुरुस्ती खर्चिक होते. विक्रेत्याने ही चाचणी नाकारली, तर आपणही व्यवहार नाकारावा.

सहावा टप्पा: आकडा मांडणे

समजा, १९८७ ची टर्बो आहे, विक्रेता २३,५०० डॉलर मागतो आणि तशाच, पण सगळी कामे झालेल्या गाडीचा तुमच्या वहीतला आधारभाव २८,००० आहे. वरवर पाहता साडेचार हजारांची बचत दिसते. पण बेल्टची पावती सहा वर्षांपूर्वीची: सील व पंपासह सुमारे २,०००. क्लच मूळचाच: सुमारे ४,०००. टायरला खाच आहे, पण ते दहा वर्षांचे: १,०००. बॉल जॉइंट आणि इंधनाच्या जुन्या नळ्या: १,५००. एकूण ८,५००. म्हणजे ही गाडी घरी येऊन नीट होईपर्यंत ३२,००० ची होते, आणि चार हजार कमी देऊन तयार गाडी मिळत असते. आधारभावातून ८,५०० वजा केले, की १९,५०० उरतात. मी त्यातून आणखी हजारभर अनपेक्षित खर्चासाठी कमी करून १८,५०० ने बोलणी सुरू करीन आणि १९,५०० वर थांबेन.

मजुरीचे दर शहरागणिक बदलतात, म्हणून हे आकडे जसेच्या तसे न उचलता आपल्या गावातील कारागिराकडून अंदाजपत्रक घ्यावे आणि ते विक्रेत्याला दाखवावे. नुसती घासाघीस केल्यास माणूस दुखावतो. पण कामांची लेखी यादी समोर ठेवल्यावर बोलणी यादीवर होतात. विक्रेता 'बेल्ट मी बदलून देतो' म्हणाला, तर नम्रपणे नाही म्हणून तेवढे पैसे कमी करून घ्यावेत, कारण बेल्टचा ताण मोजण्यासाठी खास साधन लागते आणि घाईघाईने केलेल्या कामाची जबाबदारी पुढे आपल्यावरच येते.

किमतीचे गणित सर्वस्वी जुळत नसेल, तर टर्बोचा हट्ट सोडून तीन लिटरची, टर्बो नसलेली ९४४ एस२ पाहावी. ती २११ अश्वशक्तीची आहे आणि शहरात, कमी फेऱ्यांवर, टर्बोपेक्षा तत्परतेने उचल घेते. स्वस्तातल्या थकलेल्या टर्बोपेक्षा मी चांगली एस२ निवडीन.

पैसे देण्याआधी

विमा ठरलेल्या मूल्याचा घ्यावा. नेहमीच्या विम्यात कंपनी जुनी गाडी म्हणून तिचे मूल्य नाममात्र धरू शकते, तर ठरलेल्या मूल्याच्या पॉलिसीत नुकसानीच्या वेळी मिळणारी रक्कम आधीच लिहिलेली असते. त्यासाठी वहीतले व्यवहार, तपासणीचा अहवाल आणि फोटो कामी येतात. काही विमा कंपन्या कुलूपबंद गॅरेज आणि रोजच्या वापरासाठी दुसरी गाडी असण्याची अट घालतात, म्हणून विम्याचा दर गाडीचा इसार देण्यापूर्वीच विचारून ठेवावा.

इसाराच्या पावतीवर चासी क्रमांक, सुटे भाग, मूळ रिमांचा संच, दोन्ही किल्ल्या, रेडिओचा कोड आणि देखभालीची पुस्तिका यांचा उल्लेख करून घ्यावा. बेल्टबद्दल तिळमात्र शंका असेल, तर गाडी चालवत न आणता ट्रेलरवर घालून थेट कारागिराकडे पोहोचवावी आणि ते भाडेही सहाव्या टप्प्यातील यादीतच लिहावे.